दंतूराणीचे दात

दिवस मावळायला शेळ्या-मेंढरं घरी आली की निंगाकाकू वाडग्याच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या कुंपणाच्या, दारात उभी राहून मोजायची. वंदु, यरडु, मूरु, नाकु. ती माझी चुलती, आळंदच्या पलीकडून, कानडी मुलखातून आमच्यात आलेली. लग्नाला बारा वर्षं झाली तरी आकडे तिच्या तोंडातून कानडीच निघायचे. बाकी सगळं ती आमच्यासारखंच बोले, पण मोजायला लागली की आवाज बदलायचा, खाली जायचा, आणि मेंढरंही त्या आवाजाला सरावलेली, एकेक करून तिच्या मांडीला घासून आत शिरायची. आबा, म्हणजे माझे आजोबा, ओसरीवर बसून म्हणायचे, "तिचं मोजून झाल्याबिगर माझ्या घशात घास उतरत न्हाय." मोजणं झालं की चुलीवर तवा चढे. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, नाहीतर हुलग्याचं माडगं, आणि पाट्यावर रगडलेल्या शेंगदाण्याची चटणी. माझी माय भाकरी थापायची, काकू भाजायची. दोघींचं पटत होतं असं म्हणवत नाही, पण दोघींना एकमेकींचं काम पटत होतं, आणि एका चुलीवर तेवढं पुरतं.

काकूच्या तोंडात वरचे दोन सुळे दातावर दात चढून पुढं आलेले होते. ओठ मिटले तरी त्यांची टोकं दिसायची. त्यात पान खायची सवय. रंगानं उजळ, आणि उन्हातान्हात हिंडून डोळे कायम लाल. पण गावात तिची ओळख यापैकी कशानं नव्हती, ती होती तुंबडीनं. तिच्या आईकडून ती ते काम शिकली होती. गुडघा धरला, खांदा आखडला, की लोक आमच्या ओसरीवर येऊन बसत. काकू वस्तऱ्यानं दुखऱ्या जागेवर दोन-चार बारीक चिरा द्यायची, त्यावर गाईच्या पोकळ शिंगाचं रुंद तोंड टेकवायची, आणि शिंगाच्या टोकाला जे भोक असतं तिथं ओठ लावून आतली हवा ओढून घ्यायची. मग भोक मेणानं बंद. शिंग कातडीला जळूसारखं चिकटून बसे. थोड्या वेळानं काढलं की आत काळपट रक्त गोळा झालेलं असे. काकू चूळ भरून बांधावर थुंकायची, पान लावायची आणि कामाला लागायची. आबांच्या गुडघ्यावरची तुंबडी मी दर महिन्याला बघत होते. भीती वाटायची आणि नजरही हलायची नाही.

माझे चुलते ऊसतोडीच्या हंगामात ढोकीकडं ट्रॅक्टरवर असत. एकदा त्यांनी मला ट्रॉलीवरच्या उसावर बसवून कारखान्यापर्यंत नेलं. ट्रॅक्टरांची रांग, वजनकाटा, काट्यावरून मिळणारी चिठ्ठी, आणि मग तो ऊस दातेरी रुळांत जातो आणि दुसऱ्या बाजूनं कोरडा चोथा बाहेर पडतो. घरी आल्यावर मी दोनशे पानी वही काढली आणि कादंबरी लिहायला बसले. मी दहावीत होते. जत्रेत तंबूमध्ये व्हिडिओवर एक रक्तपिपासू भुताचा सिनेमा बघितला होता, तेवढंच काय ते भांडवल. माझ्या कादंबरीत पाऊस कायमचा गेलेला, ऊस संपलेला, आणि कारखाने रक्तप्यांच्या ताब्यात गेलेले. गाळप उसाचं नाही, माणसांचं. गावागावाला तोडणीची चिठ्ठी यायची. चिठ्ठी आली की त्या गावानं ट्रॉलीत बसून काट्यावर जायचं, वजन द्यायचं, आणि जेवढं वजन तेवढ्या हिशेबानं रक्त. माणसं मरत नसत, नुसती चोथ्यासारखी होऊन परत यायची, कारण पुढच्या हंगामाला पुन्हा लागणार होती.

या राज्याची मालकीण दंतूराणी. दातावर दात, लाल तोंड, आणि ती शिंगातून रक्त ओढायची. ओढण्याआधी मंत्र म्हणायची: वंदु, यरडु, मूरु, नाकु. मी कुणाला बघून लिहिलं, हे सांगायची गरज नाही. त्या वेळी मला त्यात काही गैर वाटलं नाही. समोर जे होतं ते घेतलं. तिच्याशी लढणारी मुलगी ज्वाला. आमच्या अख्ख्या तालुक्यात ज्वाला नावाची बाई नव्हती, म्हणून ते नाव. ज्वाला सोळा वर्षांची, कोयता चालवणारी, स्वतःच्या गावाची चिठ्ठी फाडून काट्यावर एकटी जाणारी. माझी भाची हल्ली मोबाईलवर असल्याच इंग्रजी कादंबऱ्या वाचते, जग बुडालेलं आणि एक पोरगी सगळ्यांना पुरून उरलेली. तिला वाटतं हे काहीतरी नवीन आहे.

दुपारी मेंढरं लिंबाखाली बसली की मी गल्लीतल्या चार-पाच मुलींना वाचून दाखवायचे. त्यात शालन सगळ्यात पुढं. माझ्याच वयाची, शाळा सुटलेली, उन्हाळ्यात लग्न ठरलेलं. काडीसारखी पोर. ती ऐकताना माझा हात धरून बसायची.

"सुमे, आपल्या गावाला चिठ्ठी आली तर गं?"

"ज्वाला हाय की."

"ज्वाला वहीत हाय. म्या हितं हाय."

बाकीच्या हसायच्या. एक जण म्हणाली, "शालनला काट्यावर ठिवली तर काटाच हलायचा न्हाय." शालनही हसली. शेवटी वाचलेल्या भागात ज्वाला पक्कड घेऊन दंतूराणीचे दोन्ही सुळे उपटते आणि राणीचा मंत्र तोंडातच अडकतो. मुलींनी टाळ्या वाजवल्या. ही कल्पना माझी नव्हती. भानामती करणाऱ्या बाईचे दात पाडतात, दात गेले की मंत्राचा उच्चार बिघडतो आणि करणी चालत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मी ते फक्त उचललं.

त्यानंतर आठ दिवसांत शालन पिठाच्या गिरणीत पडली. मी रांगेत तिच्या मागं होते. डोक्यावरचा डबा सुटला, पीठ सांडलं, आणि ती त्या पिठात आडवी होऊन घुमायला लागली. मग घशातून कुत्र्यासारखा आवाज. गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला आणि एकदम सगळं शांत झालं, फक्त तिचा तो आवाज राहिला. बायका म्हणाल्या, "भानामती! धरू नगा, धरू नगा तिला." आणि शालन बोलायला लागली. "चिठ्ठी आली. माझी चिठ्ठी आली. शिंग लावलं. वंदु, यरडु, मूरु." ती माझी वाक्यं होती. बाविसाव्या पानावरची, शब्दाला शब्द.

मी पंचवीस वर्षं सरकारी दवाखान्यात रक्त तपासते आहे. त्या वयाच्या, त्या चणीच्या मुली रोज समोर येतात, पापणी खाली ओढली तरी आत लाली दिसत नाही. शालन दिवसाला बारा खेपा पाण्याच्या करत होती, अर्धी भाकरी खात होती, आणि तिला न बघितलेल्या माणसाच्या घरी जायचं होतं. आज मी तिला गोळ्या दिल्या असत्या आणि तिच्या आईशी दोन शब्द बोलले असते. तेव्हा मला एवढंच कळलं की मी लिहिलेलं खरं होतंय. त्या भीतीत एक कण फुशारकीचाही होता, तो लपवून उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी आणखी एक मुलगी पडली, तिसऱ्या दिवशी दोन. सगळ्या लिंबाखालच्या. आमच्या ओसरीवर येणारी माणसं बंद झाली. काकू आडावर गेली की बायका घागरी उचलून बाजूला होत. एकीनं तर तिच्या सावलीवरून पोर उचलून घेतलं. काकू घरी येऊन मायला म्हणाली, "जावबाई, गावाला झालंय काय?" मायला माहीत होतं, पण ती म्हणाली, "ऊन लई हाय." मी वही ज्वारीच्या कणगीमागं लपवली. मेंढरं मोजताना काकूचा आवाज रोजच्यासारखाच होता, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की तिनं गप्प बसावं, कुणी ऐकेल.

मग शालनच्या घरच्यांनी लोहारा गावाहून जीपमधून एक जाणता आणला, म्हणजे करणी ओळखून उतरवणारा माणूस. बारीक, चाळिशीचा, खांद्याला पिशवी, पायात फाटकी चप्पल. त्यानं शालनच्या कपाळाला लिंबू लावून विचारलं, "बाई हाय का बाप्या?" शालन म्हणाली, "बाई." "कशी दिसती?" शालन डोळे मिटूनच म्हणाली, "दातावर दात." एवढं पुरलं. ज्यांच्या गुडघ्यांना काकूनं आराम दिला होता, तेच पुढं होऊन सांगायला लागले की तिनं आपलं किती रक्त ओढलंय. शालनचा थोरला भाऊ दिगंबर ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करायचा. तो उठला आणि घरातून पक्कड घेऊन आला. जाणता म्हणाला, उद्या अमावस्या, उद्या दुपारी बारा वाजता.

ही बातमी आमच्या घरी शालनच्या आईनंच आणून दिली. आली, दारातच उभी राहिली, आण्णांना म्हणाली, "दाजी, तुमी मधी पडू नगा. जीव न्हाय घेत. दातच हायती." आणि गेली. आण्णा म्हणजे माझे वडील. ते भिंतीला टेकून बसले; चुलते अजून ढोकीकडं ट्रॅक्टरवरच होते. माय म्हणाली, "सकाळच्या जीपनं तिला माहेरी लावून द्या." आण्णा म्हणाले, "गेली की ठरलंच. मग मागं आपल्या घराला कोण ठिवतंय? मेंढरं पाण्यावर जाऊ देतील का?" आबांनी तोंड भिंतीकडं केलं. काकू आत ज्वारी निवडत होती. तिनं सगळं ऐकलं. सुपाचा आवाज थांबला नाही.

मी कणगीमागून वही काढली आणि आण्णांच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, शालन बोलते ते सगळं यात आहे, मी लिहिलंय, मी बनवलंय. आण्णांना वाचता येत होतं. त्यांनी दोन पानं वाचली आणि माझ्या तोंडात मारली. मग म्हणाले, "उद्या लोकांम्होरं वाच." मला वाटलं सुटलो. लिहिलेलं दाखवलं की माणसांना पटतं, अशी माझी समजूत होती. शाळेत शिकणाऱ्या माणसाची ती समजूत असते.

दुसऱ्या दिवशी बाराच्या आधीच अंगण भरलं. ऊन असं की पत्र्यावर बोट टेकवत नव्हतं. बाया भिंतीकडेनं, पुरुष मध्ये, आणि वाडग्यातली मेंढरं माणसांच्या वासानं एका कोपऱ्यात दाटून उभी. काकूला ओसरीच्या खांबाशी बसवलं होतं. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि पान खाल्लं नव्हतं. मी पायरीवर उभी राहून वाचायला लागले. अक्षर लागत नव्हतं, पण वाचलं. ट्रॉली, वजनकाटा, चिठ्ठी, शिंग, शेवटचं दात उपटणंही. म्हटलं, "वंदु यरडु हे मंतर न्हाईत. कानडी आकडं हायती. काकू शेरडं मोजती. म्या चोरून वहीत घातले." शालनची आई माझ्याकडं बघायला लागली. दिगंबरचा हात खाली आला. क्षणभर खरोखर सगळं माझ्या बाजूला झुकलं होतं.

जाणत्यानं हात पुढं केला. "बघू वही." त्यानं ती उलटसुलट केली, पानं फडफडवली. त्याला वाचता येत होतं की नाही, मला अजून शंका आहे. मग तो सगळ्यांकडं वळून शांतपणे म्हणाला, "पंधरा वर्षाची पोर. दोनशे पानं. एवढं कुणी आपल्या मनानं लिहितं का? हिच्या घरात राहून हिच्या हातानं लिहून घेतलंय." आणि काकूकडं बोट केलं. "आन् बघा, हितं लिहूनच ठिवलंय, दात उपटले की सुटका. तिच्याच तोंडून उपाय वदवून घेतलाय देवानं."

गर्दीतून असा एक आवाज आला, जसा वळवाच्या आधी झाडांतून येतो. माझी वही पुरावा झाली होती. दोघांनी काकूचे दंड धरले, एकानं मागून केसांना धरून डोकं खांबाला टेकवलं. दिगंबर पुढं गेला. काकू ओरडली नाही, तिनं फक्त ओठ घट्ट मिटले, आणि ते दोन सुळे ओठांवरून बाहेर दिसत राहिले. आण्णा उठले. दोघांनी त्यांना खाली बसवलं. मायनं पदर तोंडात कोंबला. दिगंबरनं पकडीच्या टोकानं काकूचा ओठ वर उचलला.

मी पडले. पायरीवरून खाली, मातीत, तोंडावर. हे मी ठरवून केलं. कुणी म्हणेल, भीतीनं झालं असेल, तर नाही, मला नीट आठवतं. मी डोळे फिरवले, घशातून शालनसारखा आवाज काढला, मुठीत माती धरली. "सुमीला धरलं, सुमीला धरलं!" बाया ओरडल्या. दिगंबर थांबला. मी तशीच घुमत राहिले, आणि कुणीतरी विचारलं, "कोण हाय गं? कोण?" जाणत्याच्या पिशवीतलं लिंबूही लागलं नाही. मी हात वर केला आणि त्याच्याकडं बोट दाखवलं. "ह्यो. ह्यानंच लावलं. ह्योच काढायला आलाय. पैक्यासाठी लावलं. पिशवीत माझं केस हायती."

पिशवीत केस निघणार हे मला माहीत होतं. असल्या माणसांच्या पिशवीत केस असतातच, लिंबं असतात, बिब्बे असतात, टाचण्या असतात. कुणीतरी पिशवी ओढून उलटी केली. केसांचा एक पुंजका ओसरीवर पडला. दिगंबर म्हणाला, "आं?" इतकंच. लावणारा तोच आणि काढणारा तोच, हा संशय लोकांच्या मनात आधीपासून असतो, फक्त कुणीतरी आधी म्हणावं लागतं. जाणता म्हणाला, "अहो ऐका, अहो पोरगी..." आणि मग चप्पल तिथंच टाकून तो पळाला. अंगण रिकामं झालं. काकूचे दंड ज्यांनी धरले होते तेही त्याच्या मागं गेले.

मी उठून बसले. माझ्या दातांत माती होती. काकू खांबाशी तशीच बसलेली, वरच्या ओठातून रक्ताचा एक ओघळ हनुवटीवर आलेला, पकडीचं टोक लागलं होतं. मायनं तिला पाणी दिलं. तासाभरानं दिगंबर आणि आणखी तिघे परत आले, घामाघूम. फाट्यावर जीपची वाट बघताना तो सापडला होता. "वरचे दोन गेले," दिगंबर आण्णांना म्हणाला, जसं कुणी नांगरट झाली म्हणून सांगावं. मग तो आमच्या डोणीवर वाकला, मेंढरं जिथं पाणी पितात त्या डोणीत पक्कड धुतली, आणि काकूकडं वळून म्हणाला, "काकू, प्यायला पाणी द्या की." काकू उठली. तांब्या भरून दिला. त्यानं वरून घटाघटा प्यायलं, तांब्या परत दिला, "येतो," म्हणाला.

दोन दिवसांनी एक हवालदार आला. फाट्यावर कुणाला मारहाण झाल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. गावात कुणी काही बघितलं नव्हतं. आमच्या ओसरीवर बसून त्यानं चहा घेतला आणि मला विचारलं, "पोरी, तुझ्या अंगात खरंच आलं होतं का?" आण्णा माझ्याकडं बघत नव्हते. मी नाही म्हटलं असतं तर लोक पुन्हा काकूकडं वळले असते, हे मला त्या एका क्षणात स्पष्ट दिसलं, आणि मी म्हटलं, "व्हय. म्हंजी मला काय ठावं न्हाय. मला शुद्ध नव्हती." त्यानं कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि गेला. शालन त्यानंतर घुमली नाही, तिचं लग्न ठरल्या दिवशी झालं. काकूनं तुंबडीचं शिंग आडात टाकून दिलं. गुडघ्यांसाठी लोक हळूहळू पुन्हा ओसरीवर यायला लागले, ती त्यांना "आता जमत न्हाय" म्हणून परत लावायची.

हवालदार गेला त्या दिवशी आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो. तिच्या ओठावर खपली धरली होती. ती मान वर न करता म्हणाली, "माझ्यासाठी पडलीस तू. मला कळलं तवाच."

मी पुढची शेंग उचलली.

"चांगलं केलंस. दुसरं काय करणार हुतीस?" तिनं टरफलं सुपातून झटकली. "पर पोरी, त्या माणसालाबी दात हुते गं."

तिनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पुढं नोकरी लागल्यावर मी लोहाऱ्याच्या बाजारात दोन-तीनदा त्या माणसाची चौकशी केली. बारीक, चाळिशीचा, जीपनं यायचा, एवढंच मला सांगता येत होतं. त्याचं नाव मला माहीत नव्हतं. आमच्या गावात त्याला ते कुणीच विचारलं नव्हतं.